हिपॅटायटिस बी एकाचा आपोआप बरा होतो, दुसऱ्याच्या अंगात कायम राहतो. हे जनुकांमुळे होतं का?

काही अंशी हो, पण आधी वय बघा. जन्मताना लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये आजार कायमचा होतो. धडधाकट प्रौढांत ५ टक्क्यांहूनही कमी जणांत. जनुकांचा नंबर त्यानंतर.

एचएलए-डीपी जनुकांपासून बनणारी प्रथिनं विषाणूचे तुकडे टी-पेशींना (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींना) दाखवतात. काहींच्या जनुकांत ही ओळखपरेड कच्ची होते आणि विषाणू निसटतो. २००९ साली जपानी आणि थाई रुग्णांमध्ये हा संबंध ठळकपणे दिसला. उलट, ज्या एनटीसीपी प्रथिनाला धरून विषाणू यकृतपेशीत शिरतो, त्यातला एस२६७एफ हा बदल संरक्षण देतो (पूर्व आशियात तो जास्त आढळतो).

तरी यासाठी जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नका. घरात कुणाला हा आजार असेल तर साधी एचबीएसएजी (विषाणूची लागण दाखवणारी रक्ताची) तपासणी करा आणि लागण नसेल तर लस घ्या.