निषेध आणि तिसरा माणूस

प्रश्न : अमेरिकेतल्या माझ्या भाचीने कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्धचं एक गाणं शेअर केलं. मी खाली ‘जाहीर निषेध!’ असं लिहिलं. तिच्या लखनौच्या मैत्रिणीने विचारलं, ‘गाने की मनाही क्यों?’ माझं चुकलं का? आणि ‘प्रोटेस्ट साँग’ला ‘निषेधगीत’ म्हणावं का?

मैत्रिणीला हसू नका. हिंदीत निषेध म्हणजे मनाईच. ‘प्रवेश निषेध’च्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. संस्कृतातही तेच, विधी आणि निषेध, म्हणजे ‘हे करा’ आणि ‘हे करू नका’, ही वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची जुनी जोडी. पाटीवरचा शब्द उचलून मोर्च्यात नेला तो आपण मराठी लोकांनी. त्यात चूक काही नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ‘निषेधा’च्या आधी ‘चा’ लागतो, आणि तो कशाला जोडायचा हे कुणी बघत नाही. २०२० साली ‘जॉर्ज फ्लॉइड यांचा जाहीर निषेध’ असं लिहिणारे मी पाहिलेत. अहो, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या पोलिसाने ज्या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला, त्याचाच निषेध? हत्येचा करा ना! तुमचा घोळही याच जातीचा. गाण्याखाली नुसतं ‘निषेध!’ लिहिलं की तो गाण्यालाच चिकटतो. सभेत आधी ठराव वाचतात, मग हात वर होतात. तुमचा हात आधीच वर.

शब्दात धातू आहे ‘सिध्’, म्हणजे हाकलणं. ऋग्वेदात सविता देव ‘अपसेधन् रक्षसो यातुधानान्’ येतो, राक्षसांना पिटाळत. (‘सिद्धी’तला सिध् निराळा, दोघांना भाऊ ठरवून निबंध लिहू नयेत.) म्हणजे आपला निषेध मुळात ‘हाट्!’ आहे.

आणि ‘प्रोटेस्ट’? खरी गंमत इथे आहे. लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे, चारचौघांत. ‘टेस्टारी’ म्हणजे साक्ष देणं. साक्षीदार तो ‘टेस्टिस’. रोमन लोक वृषणांवर हात ठेवून शपथ घेत, म्हणून हा शब्द आला, असं सांगणारे महाभाग दर सहा महिन्यांनी भेटतात. त्याला पुरावा काडीचाही नाही, पण चावट व्युत्पत्ती मरत नाही. भाषाशास्त्रज्ञ मानतात ती व्युत्पत्ती यापेक्षा कितीतरी सुंदर आहे : ‘त्रि’ आणि ‘स्था’ यांच्या लॅटिन भावंडांपासून झालेला शब्द, बाजूला उभा असलेला तिसरा. भांडण दोघांचं, पाहणारा तिसरा. आपला ‘साक्षी’ पाणिनीने ‘साक्षात्’वरून साधलाय, प्रत्यक्ष पाहणारा या अर्थी, आणि त्या ‘साक्षात्’मध्ये ‘अक्ष’, म्हणजे डोळा, बसलाय. रोमनांनी साक्षीदाराचे पाय पाहिले, आपण डोळा.

आता फ्लॉइड प्रकरण पुन्हा बघा. २५ मे २०२० ला पोलिसांचं पहिलं निवेदन निघालं त्यात ‘वैद्यकीय घटना’ असा शब्द होता. खोटं उघडं पडलं ते सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर घेतलेल्या चित्रीकरणाने. ती बाजूला उभी होती. टेस्टिस!

गाण्यातही तेच. ‘स्ट्रेंज फ्रूट’ घ्या. १९३० साली इंडियानातल्या मॅरियन गावी जमावाने दोन कृष्णवर्णीय तरुणांना ठार करून झाडाला लटकवलं. त्याचा फोटो पाहून एबल मिरोपोल या शिक्षकाने कविता लिहिली. १९३९ साली गायिका बिली हॉलिडे ती गाऊ लागली. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, ध्वनिमुद्रण नाकारलं, मग ते कमोडोर या छोट्या कंपनीकडून निघालं. त्या गाण्यात ‘धिक्कार’ नाही, ‘बंद करा’ नाही. झाडाला काय लटकलंय, एवढंच ते सांगतं. याला ‘निषेधगीत’ कसं म्हणू? एक विद्वान मित्र ‘प्रतिषेधगान’ सुचवतात. त्यांनी ते स्वतः गाऊन दाखवावं. मी ‘साक्षीचं गाणं’ म्हणतो. सगळ्याच प्रोटेस्ट साँगना ते बसत नाही हे मलाही कळतं. मोर्च्यातल्या घोषणागीताला ‘निषेधगीत’ खुशाल म्हणा.

याच कसाला २ जून २०२० चे इन्स्टाग्रामवरचे काळे चौकोन उतरत नाहीत. जमिला थॉमस आणि ब्रिआना अग्येमँग या संगीत-उद्योगातल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी एक दिवस धंदा थांबवा म्हटलं होतं. ज्या कलावंतांवर तो उद्योग पोसला त्यांच्याविषयी जबाबदारी घ्या, असं. इन्स्टाग्रामवर पोचेपर्यंत त्याचा नुसता काळा चौकोन उरला, आणि ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या हॅशटॅगखाली लोक एवढे चौकोन टाकू लागले की मोर्च्यांची कामाची माहिती त्यांखाली गाडली गेली. साक्षीदाराने डोळे मिटून घेतले तर त्याला साक्षी कसं म्हणायचं?

‘अमेरिकेतल्या भानगडींवर मराठीत कशाला बोलायचं?’ हा प्रश्न येणारच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. विचारायचं असेल तर त्यांना विचारा.

भाचीच्या पोस्टखाली काय लिहायचं ते राहिलंच. ‘ऐकलं’ लिहा. लखनौच्या मैत्रिणीला समजावणंही सोपं जाईल.