सात मजल्यांचे अकरा होतायत, संमतीपत्रावर सही करू का?

ताई, सगळ्यात आधी एवढंच, की त्या कागदावर सही करू नका. बिल्डरने पंधरा दिवसांत द्या म्हटलंय म्हणून घाबरून तर अजिबात नको, ते पंधरा दिवस त्याने ठरवलेत, कायद्याने नाही.

बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात मांडते. या ताई यावल तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षिका आहेत. जळगावला हायवेच्या बाजूला सात मजल्यांच्या, 28 फ्लॅटच्या स्कीममध्ये पाचव्या मजल्यावर टू बीएचके घेतला 38 लाखाला. फेब्रुवारी 2022 ला साठेखत रजिस्टर झालं, त्यात ताबा 31 डिसेंबर 2023 ला द्यायचा असं लिहिलंय. 34 लाख देऊन झालेत, त्यातले 20 बँकेचे, 10 वडिलांनी केळीच्या पैशातून दिलेले. फ्लॅट अजून मिळाला नाही, हप्ता आणि घरभाडं दोन्ही चालू. आता बिल्डर म्हणतो महापालिकेकडून चार मजले वाढवून मिळाले, आणि गार्डनच्या जागेवर रोडला लागून दुकानं काढायची आहेत, म्हणून "संमतीपत्र व पुरवणी करारनामा" सही करून द्या. त्यात नवीन तारीख डिसेंबर 2026 टाकली आहे आणि खाली एक ओळ आहे, "मागील विलंबाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही". सही केली तर फर्निचर करायला लगेच चावी, नाही केली तर बुकिंग कॅन्सल आणि पैसे बिनव्याजी परत. वरून बिल्डर समाजातलाच, वडिलांच्या ओळखीचा, भावाच्या लग्नाला येऊन गेलेला, त्यामुळे ताईंची अडचण अशी की आपल्याच माणसावर केस कशी करायची.

तर बघा, मजले वाढवणं यातच काही बेकायदेशीर आहे असं नाही. डिसेंबर 2020 पासून युडीसीपीआर लागू झाली, म्हणजे राज्यातल्या बहुतेक शहरांना बांधकामाचे एकच नियम, आणि तेव्हापासून महापालिकेला जादा बांधकामाचे पैसे म्हणजे प्रीमियम भरून, टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन जळगाव धुळ्यासारख्या ठिकाणी पण उंच जाता येतं. पूर्वी जळगावात उंच म्हटलं की महापालिकेची सतरा मजलीच दाखवायचे लोक, आता पिंप्राळ्याकडे गेलं की टॉवरच टॉवर. म्हणजे महापालिकेने त्याला परवानगी दिली असेलही. पण महापालिकेची परवानगी ही महापालिकेची, ती तुमच्या संमतीच्या जागी चालत नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा, घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, त्याचं कलम 14 सरळ सांगतं की मंजूर नकाशात, लेआउटमध्ये, कॉमन एरियात बदल करायचा तर फ्लॅट घेणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची आधी लेखी संमती पाहिजे. आधी, आणि लेखी. काम सुरू करून नंतर सह्या गोळा केल्या हे त्यात बसत नाही. तुमच्या साठेखतात "भविष्यातील सर्व बदलांस संमती आहे" अशी ओळ असेल, बहुतेक असतेच, तिला पण घाबरू नका, मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा रेराच्या आधीचा फ्लॅटचा कायदा, त्याखाली मुंबई हायकोर्टाने म्हटलेलंय की नेमका काय बदल होणार हे माहिती असताना दिलेली संमती हीच संमती, अशी सरसकट घेतलेली नाही.

आता या दोन तृतीयांशात एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहिती असते आणि तुमच्या केसमध्ये तीच सगळ्यात कामाची आहे. तुम्ही लिहिलंय की 28 पैकी 6 फ्लॅट एकाच व्यापारी कुटुंबाने वेगवेगळ्या नावांवर घेतलेत आणि ते बिल्डरच्या बाजूने आहेत, त्यामुळे आमचं काही चालणार नाही. असं नाहीये ताई. कलम 14 च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की एकाने किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावावर कितीही फ्लॅट असले तरी ते एकच ग्राहक धरायचे. म्हणजे ते 6 फ्लॅट मिळून एक, बाकीचे 22, एकूण 23. बिल्डरला 16 जणांच्या सह्या लागतील. तुम्ही आठ जण नाही म्हणून उभे राहिले तर त्याचं गणित बसत नाही. म्हणून तर तो एकेकाला वेगळं बोलावतो, सगळ्यांना एकत्र बसवून नकाशा दाखवत नाही.

दुसरं, ती तक्रार नाही वाली ओळ. मला विचाराल तर मजल्यांपेक्षा त्या ओळीसाठीच हा कागद केलेला वाटतो. ताबा वेळेवर दिला नाही तर कलम 18 प्रमाणे तुम्हाला दोनच रस्ते आहेत आणि कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं, बिल्डरने नाही. एकतर सोडून द्यायचं आणि सगळे पैसे व्याजासकट परत घ्यायचे, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सांगितलं की तारीख चुकली की हा हक्क बिनशर्त आहे. नाहीतर फ्लॅट ठेवायचा आणि ताबा मिळेपर्यंत महिन्या महिन्याचं व्याज घ्यायचं. व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सगळ्यात वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा मूळ दर) अधिक 2 टक्के. समजा 11 टक्क्यांच्या आसपास धरलं तर 34 लाखावर वर्षाचे पावणेचार लाख होतात, महिन्याला 30 हजाराच्या वर. जानेवारी 2024 पासून मोजा तुम्हीच, शिक्षिका आहात. ही सगळी रक्कम त्या एका ओळीने तो सोडवून घेतोय, आणि बदल्यात देतोय काय तर बिनभोगवट्याची चावी, म्हणजे इमारत राहायला योग्य आहे असं महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र नसतानाची. तुमचे वडील भाव ठरल्याशिवाय बागेत कोयता लावू देतात का? मग इथे पण तसंच करा.

तो तुम्हाला सांगेल की रेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने, आम्हाला मुदत वाढवून दिली आहे, वेबसाईटवर बघा. बघाच, पण त्याने तुमची तारीख हलत नाही. मुंबई हायकोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात हे स्पष्ट केलंय, रेराला नवीन तारीख कळवली म्हणून साठेखतातली तारीख पुसली जात नाही. आणि करोनाचं कारण सांगत असेल तर तुमचं साठेखतच 2022 चं आहे, करोना माहिती असतानाच त्याने 2023 लिहून दिलं.

कॅन्सल करायची धमकी ती धमकीच. कलम 11 पोटकलम 5 प्रमाणे साठेखतातल्या अटींनुसारच बुकिंग रद्द करता येतं, मनात आलं म्हणून नाही, आणि केलं तर तुम्ही रेराकडे जाऊ शकता. बदलाला संमती दिली नाही हे रद्द करायचं कारणच होऊ शकत नाही. फक्त तुमच्याकडून हप्ता थकलेला नको. उरलेले 4 लाख ताब्याच्या वेळचे आहेत म्हणताय, तर साठेखतातला हप्त्यांचा तक्ता काढून एकदा बघा की मध्ये काही मागणी आलेली आणि राहून गेली असं नाही ना.

चावीचं मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं कारण मन तिथेच विरघळतं. मुलांना घर बघायचंय, भाडं वाचेल, फर्निचरवाला तयार आहे, सगळं समजतं मला. पण भोगवटा प्रमाणपत्र नसताना ताबा देणं हे मोफा कायद्यातच मना आहे, आणि तुम्ही चावी घेतली की उद्या तोच म्हणणार ताबा तर दिला, आता व्याज कशाचं. वर चार मजल्यांचं काम चालू असताना खाली तुम्ही संसार मांडणार, लिफ्टचं लायसन्स झालेलं असेल का, उंची वाढली म्हणजे फायरची एनओसी नवीन घेतली का, हे कोण बघणार? आणि जळगावची काळी माती, फाउंडेशन सात मजल्यांसाठी धरलेलं की अकरा, याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट लेखी मागा. ही मागणी एकट्या तुमची नाही, 28 घरांच्या जिवाची आहे.

आणखी एक तुम्ही लिहिलंय, पार्किंगचे दीड लाख बिल्डरने कॅश घेतले आणि साध्या कागदावर पावती दिली. ती पावती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. उघडं पार्किंग हे कॉमन एरियात येतं, ते विकताच येत नाही. झाकलेलं असेल तर साठेखतात नंबर, माप, जागा लिहिलेली पाहिजे. आणि जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्यावर कॅश घेतली तर इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्याला बसतो, देणाऱ्याला नाही, म्हणून ही गोष्ट लपवायची तुम्हाला गरज नाही.

आता करायचं काय. महारेराच्या वेबसाईटवर प्रोजेक्टचं पान उघडा, मंजूर नकाशा आणि आधीच्या नंतरच्या तारखा सगळं डाउनलोड करून ठेवा, कारण पानं बदलतात. महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, सुधारित नकाशाची प्रत आणि बिल्डरने त्यासोबत फ्लॅटधारकांच्या संमती जोडल्या का ते मागा, न विचारताच कुणाच्या सह्या तिथे लागलेल्या असल्या तर तेव्हाच कळेल. बाकीच्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढा, आठ जण जमवा, सोळा जमले तर फारच चांगलं. 51 टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटीची प्रक्रिया सुरू करायची जबाबदारी बिल्डरची होती, तीही लेखी मागा, कारण सोसायटी म्हणून बोललं की एकटं पाडता येत नाही.

फ्लॅट सोडायचा की ठेवायचा यावर माझं मत विचारलंय तर मी ठेवा म्हणेन. सोडून पैसे परत मागायचा हक्क पक्का आहे, पण ऑर्डर झाल्यावर वसुली होते कलेक्टर ऑफिसमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, आणि तिथे फाईल किती दिवस बसेल हे कुणी सांगू शकत नाही. तुमचं बांधकाम प्लास्टरपर्यंत आलेलं आहे, 34 लाख गेलेत, आज त्याच भागात त्या पैशात तसा फ्लॅट मिळायचा नाही. त्यापेक्षा व्याज मागा, शेवटच्या 4 लाखातून ते वळतं करून घ्या, आणि चार मजल्यांना हरकत कायम ठेवा. ग्राहक आयोगाचा रस्ता पण खुला आहे, पण नकाशाचा मुद्दा रेराचा आहे म्हणून मी रेराच सुचवेन, दोन्हीकडे एकच मागणी घेऊन जाऊ नका. तक्रार ऑनलाईन होते, फी 5 हजार, सुनावणी व्हिडिओवर, मुंबईला खेटे घालायला नकोत.

राहिला ओळखीचा प्रश्न. ताई, त्यांनी तुम्हाला कागद आणून दिला तेव्हा ओळख मध्ये आली नाही, मग तुम्ही कागदानेच उत्तर दिलं तर त्यात वैर कसलं? थेट तक्रार करायला जीव धजत नसेल तर महारेराचं सलोखा मंच आहे, तिथे दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, तिथून सुरुवात करा. वडिलांना घेऊन त्यांच्या घरी चहाला जायचं असेल तर जरूर जा, पण तिथे पेन काढू नका आणि जे बोलणं होईल ते त्याच रात्री मेसेजवर त्यांना लिहून पाठवा.

पंधरा दिवसांच्या आत एवढंच पत्र रजिस्टर एडीने पाठवा आणि ईमेलपण करा: "आपले संमतीपत्र मिळाले. सुधारित नकाशा, महापालिकेची मंजुरी, स्ट्रक्चरल सर्टिफिकेट व फायर एनओसीची प्रत मिळाल्याशिवाय मी संमती देऊ शकत नाही. माझे साठेखत व त्यातील 31 डिसेंबर 2023 ही ताब्याची तारीख कायम आहे, विलंबाच्या व्याजाचा माझा हक्क मी राखून ठेवते." पोचपावती आली की साठेखताची इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), बँकेचं स्टेटमेंट आणि त्या पार्किंगच्या पावतीचा फोटो मला पाठवा, पुढची नोटीस मी बघते.