बोट लागते, काय करू?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात चार तासांचा बोटीचा प्रवास आहे, मागच्या वेळी अर्ध्या तासातच उलट्या सुरू झालेल्या. काही उपाय सांगा ना.

उत्तर: अहो, आतला कान सांगतो आपण हलतोय आणि केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, या गोंधळातूनच मळमळतं, म्हणून आत मोबाईल बघत अजिबात बसू नका. डेकवर मधोमध जागा धरा, तिथे हेलकावे कमी लागतात, आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधीच घ्या (झोप येते बरं का तिने), उशिरा घेतलेली बरेचदा उलटीतच जाते. पोट रिकामं नको, तळलेलं तर नकोच. जांभया, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणं सुरू झालं की लगेच मोकळ्या हवेत या, आल्याचा तुकडा चघळा.