वेबसाइटची चावी किती जणांकडे? प्लगइन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत वर्डप्रेसच्या (वेबसाइट बनवायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) प्लगइन्सविषयीच, म्हणजे त्याला जादा सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम्सविषयीच, जास्त विचारणा होती, म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून एवढेच घेतले आहेत. पत्रं थोडी आवरून छापली आहेत.

प्रश्न : गुहागरजवळ आमचा होमस्टे आहे. भाच्याने करून दिलेली वेबसाइट चार वर्षं चालू आहे. परवा एका पाहुण्यांनी गूगलवरच्या शोधाचा स्क्रीनशॉट पाठवला. आमच्या नावाखाली जपानी अक्षरं आणि बुटांच्या किमती! मी फोनवर साइट उघडली तर सगळं व्यवस्थित. भाचा म्हणतो, एक जुनं प्लगइन होतं, ते काढलं की झालं. खरंच होईल का?

ताई, पाहुण्यांना दिसलं तेही खरं आणि तुम्हाला दिसतंय तेही खरं. साइटमध्ये घुसलेला कोड आधी बघतो, पान मागायला कोण आलंय. गूगलचा बॉट (वेबसाइट्सची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) आला तर जपानी दुकान दाखवायचं, माणूस आला तर समुद्र, झोपाळा आणि सोलकढी. मालकाला जितकं उशिरा कळेल तितकं त्यांचं दुकान जास्त दिवस चालतं. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत) ‘यूआरएल इन्स्पेक्शन’ नावाची सोय आहे. तिथं आपलं पान टाकलं की गूगलला ते कसं दिसतं ते कळतं. भाच्याला आधी तेवढं करून बघायला सांगा.

प्लगइन काढून मात्र भागणार नाही. खिडकी बंद केली, पण आत शिरलेला माणूस माळ्यावरच बसलाय, अशी ती गत. साफसफाई क्रमानं करावी लागेल. आधी आहे त्या अवस्थेतली एक प्रत बाजूला काढून ठेवा, नंतर काय झालं होतं ते शोधायला ती लागते. मग वर्डप्रेसच्या ‘युजर्स’ यादीत ओळखीचे नसलेले अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेले सदस्य) आहेत का पाहा. वर्डप्रेसच्या मूळ फाइल्स, थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) आणि उरलेली प्लगइन्स नव्यानं उतरवून जुन्यांच्या जागी टाका. संशय येईल तीच फाइल दुरुस्त करत बसू नका, एखादी सुटतेच. ‘अपलोड्स’ फोल्डर मात्र हातानं तपासावं लागतं. तिथं तुमचे फोटो असतात. त्यात सोलकढीच्या फोटोशेजारी पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, सापडली तर ती तुमची नाही. ‘एमयू-प्लगइन्स’ नावाचं फोल्डरही उघडून बघा. त्यातला कोड आपोआप चालतो आणि प्लगइन्सच्या नेहमीच्या यादीत येत नाही, म्हणून लपायला ती आवडती जागा आहे.

मग पासवर्ड. वर्डप्रेसचे, होस्टिंगचे, डेटाबेसचे, सगळे बदला. ‘कॉन्फिग’ फाइलमधल्या ‘सॉल्ट’ नावाच्या गुप्त ओळीही बदला, म्हणजे आत लॉगिन करून बसलेले सगळे एका फटक्यात बाहेर पडतात. शेवटी पुन्हा सर्च कन्सोल: या प्रकारात घुसखोर तिथं स्वतःला साइटचा मालक म्हणून नोंदवून घेतात. मालकांच्या यादीत अनोळखी जीमेल दिसला तर तो काढा आणि तो ज्या पडताळणी फाइलच्या जोरावर बसलाय तीही काढा.

होस्टिंगवाल्याकडे जुना बॅकअप असेल तर काम सोपं होईल, पण त्या बॅकअपमध्ये तेच जुनं प्लगइन तसंच असणार. ते काढूनच साइट लोकांसाठी उघडा, नाहीतर दोन दिवसांत जपानी बूट परत येतील.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या साइटवर ३१ प्लगइन्स आहेत. त्यातली बारा आम्ही ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ करून ठेवली आहेत. वापरातच नाहीत म्हटल्यावर त्यांचा धोका नाही ना?

आहे. ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ केलं म्हणजे वर्डप्रेस ते प्लगइन चालवत नाही, एवढंच. त्याच्या फाइल्स सर्व्हरवर जिथल्या तिथं असतात, आणि एखादी फाइल थेट पत्त्यानं हाक मारली तर उठून काम करू शकते.

सप्टेंबर २०२० मधलं ‘फाइल मॅनेजर’चं प्रकरण मला इथं नेहमी आठवतं. सात लाखांहून जास्त साइट्सवर ते प्लगइन होतं. त्यात ‘एलफाइंडर’ नावाची एक मुक्त लायब्ररी (कुणीही वापरावा असा तयार कोडचा संच) वापरली होती आणि तिच्यासोबत नमुन्यादाखल एक फाइल यायची. नमुना चुकून चालू नये म्हणून तिच्या नावाला मुद्दाम वेगळं शेपूट जोडलेलं होतं. प्लगइनमध्ये ते शेपूट काढलं गेलं आणि फाइल चालू झाली. ती ना लॉगिन विचारायची, ना अधिकार तपासायची. कुणीही यावं, आपली पीएचपी फाइल ठेवावी आणि चालवावी! हल्लेखोर इतके झाले की काहींनी आत शिरल्यावर त्याच फाइलला पासवर्ड लावून टाकला, दुसरा चोर येऊ नये म्हणून. घरमालकाला जे सुचलं नाही ते चोरानं केलं.

तेव्हा ती बारा ‘डिलीट’ करा. आजच करा, हे वाक्य वाचून झाल्यावर.

उरलेल्या १९ मध्ये आकड्यापेक्षा लेखक कोण आहे ते बघा. वर्डप्रेसमध्ये प्लगइनला स्वतंत्र खोली नसते. संपर्काचा साधा फॉर्म दाखवणारं प्लगइनसुद्धा तुमचा सगळा डेटाबेस वाचू शकतं, सभासदांच्या पत्त्यांसकट. म्हणजे १९ प्लगइन्स म्हणजे १९ जणांकडे वाचनालयाची चावी. त्यातला कोण अजून गावात आहे? प्रत्येकाचं वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरचं पान उघडून शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दुरुस्त न झालेल्या त्रुटीमुळे एखादं प्लगइन तिथून बंद केलं गेलं, तरी तुमच्या डॅशबोर्डवर (साइट सांभाळायच्या आतल्या पानावर) त्याची बोंब होत नाही. अपडेट येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं. त्याच्या पानावर मात्र ‘बंद’ असा शिक्का असतो. दर दोन-तीन महिन्यांनी ही फेरी मारायला ग्रंथपालांना अर्धा तास पुरेल.

प्रश्न : मी पुण्यात छोट्या दुकानांच्या साइट्स सांभाळतो. ऑटो-अपडेट चालू ठेवावं की नाही यावर आमच्या मित्रांत एकमत होत नाही. अपडेटनं साइट मोडली तर ग्राहक माझ्याच डोक्यावर बसतो.

मी ‘चालू ठेवा’वाला आहे, आणि हे शहाणपण मला उशिरा आलं. एका संस्थेच्या साइटवरचं अपडेट मी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. भाऊबीजेच्या रात्री होस्टिंगवाल्यांनी ती साइट स्पॅम पाठवते म्हणून बंद केली. मोडलेली साइट मी तासाभरात सावरली असती. ती साफ करायला चार दिवस गेले.

कारण सरळ आहे. वर्डप्रेसच्या भांडारातला कोड सगळ्यांना खुला असतो. दुरुस्ती आली की जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून भोक कुठं होतं ते हल्लेखोर वाचून काढतो. म्हणजे पॅच येतो त्याच दिवशी तुमचं घड्याळ सुरू होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लाइटस्पीड कॅश’मध्ये सापडलेली त्रुटी बघा. ५० लाखांहून अधिक साइट्सवर हे प्लगइन. त्यातला एक गुप्त संकेत यादृच्छिक असायला हवा होता, पण तो घड्याळातल्या मायक्रोसेकंदांवरून बनायचा. म्हणजे शक्यता फक्त दहा लाख. माणसाला हा आकडा मोठा वाटतो. एकेक करून संगणकानं त्या आजमावल्या की हल्लेखोर काही तासांत, फार तर आठवड्याभरात अ‍ॅडमिन होऊन आत.

आता तुमच्या बाजूचं. २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ पासून प्लगइन्सच्या ऑटो-अपडेटचं बटण आलं, आणि २०२४ मध्ये ६.६ पासून ऑटो-अपडेटनंतर पीएचपीची जीवघेणी चूक झाली तर जुनी आवृत्ती आपोआप परत बसते. मांडणी विस्कटली, चेकआउटचं बटण गायब झालं, तर ते मात्र त्याला कळत नाही. म्हणून मी दुकान चालवणारी दोन-तीन मोठी प्लगइन्स आधी चाचणीच्या प्रतीवर, हातानं आणि त्याच दिवशी अपडेट करतो. बाकी सगळी आपोआप.

अपडेटमधूनच घात होतो, हाही आक्षेप खोटा नाही. २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे दोन लाख साइट्सवरचं प्लगइन मूळ लेखकानं विकलं. नव्या मालकानं अपडेटमधून साइट्सवर स्पॅम मजकूर घुसवला, आणि तोही लॉगिन केलेल्यांना दिसणार नाही असा. भांडारातून ते काढलं, परत आलं, पुन्हा काढलं, असं अनेकदा झालं. तरी माझं मत बदलत नाही. असे प्रसंग मोजके. अपडेट न केल्यानं गेलेल्या साइट्स मी दर महिन्याला बघतो. प्लगइनचा मालक बदलल्याचं कळलं तर तेवढं एक थांबवून बघा.

प्रश्न : मित्रानं एका महागड्या ‘प्रो’ प्लगइनची प्रत फुकट दिली. चालतंयही छान. ठेवू का?

नको. लायसन्स तोडून वाटलेल्या अशा प्रतींना ‘नल्ड’ म्हणतात. ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ नावाचा मालवेअर मुख्यतः याच वाटेनं पसरला. लोकांनी स्वतःच्या हातानं बसवून घेतला. तो एका साइटवर थांबायचा नाही, त्याच होस्टिंग खात्यावरच्या शेजारच्या साइट्सच्या थीममध्येही शिरायचा. शिवाय अशा प्रतीला अपडेट येत नाही, म्हणजे वरचं सगळं दुखणं आहेच. मित्राला त्याची साइटही तपासायला सांगा.

प्रश्न : आम्ही सिक्युरिटीचं चांगलं प्लगइन बसवलंय, द्विस्तरीय लॉगिनही (पासवर्डनंतर दुसरी ओळखही मागणारं) आहे. आता निश्चिंत राहावं ना?

राखणदार ठेवला, बरं केलं. पण राखणदाराकडेही चावी असते. ‘रिअली सिम्पल सिक्युरिटी’ हे तेव्हा ४० लाखांहून अधिक साइट्सवर असलेलं प्लगइन. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या द्विस्तरीय लॉगिनच्या भागातच चूक सापडली. ज्यांनी ती सोय चालू केली होती त्यांच्याच साइटवर कुणीही, पासवर्ड न देता, अ‍ॅडमिन म्हणून शिरू शकत होता. सोय बंद ठेवणारे वाचले! वर्डप्रेसच्या चमूनं सक्तीनं अपडेट ढकललं, इतकं ते गंभीर होतं.

तुमचं प्लगइन काढा असं मी म्हणत नाही. द्विस्तरीय लॉगिन हवंच. पण काही बंदोबस्त प्लगइनशिवाय होतो आणि तो मला जास्त आवडतो. ‘अपलोड्स’ फोल्डरात पीएचपी चालू न देण्याचा नियम सर्व्हरवर लावा. डॅशबोर्डमधून कोड बदलण्याची सोय ‘कॉन्फिग’ फाइलमधल्या एका ओळीनं बंद होते. रोज लेख टाकणाऱ्याला ‘एडिटर’ करा, अ‍ॅडमिन नको. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

प्रश्न : रत्नागिरीहून हापूस ऑनलाइन विकतो. पैसे पेमेंट गेटवेवरून (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सेवेवरून) येतात, कार्ड नंबर आमच्याकडे नसतात. मग आमच्याकडून काय चोरणार?

गेटवेच्या स्वतःच्या पानावर ग्राहक जात असेल तर कार्डाची काळजी बरीच कमी. तरी बिघडलेल्या साइटवरून त्याला हुबेहूब खोट्या पानावर किंवा भलत्याच यूपीआयच्या क्यूआरकडे पाठवता येतंच. शिवाय तुमच्या ऑर्डरींच्या यादीत नाव, पत्ता, मोबाइल आणि ‘दोन पेट्या, २० एप्रिल’ आहे. एवढं हाताशी असलं की ‘तुमची पेटी अडकलीय, दहा रुपये भरा’ हा फोन किती खरा वाटेल! मागच्या हंगामातल्या ऑर्डरी हिशेब झाल्यावर साइटवरून काढून संगणकावर ठेवा. कुणाचे पैसे गेलेच तर त्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीला आहे, कॉलेजसाठी छोटं प्लगइन लिहिलंय. सेटिंग्ज फक्त अ‍ॅडमिनलाच बदलता याव्यात म्हणून ‘इज अ‍ॅडमिन’ हे फंक्शन वापरलंय. बरोबर आहे ना?

नावानं फसवलं तुला. ते फंक्शन फक्त एवढंच सांगतं की मागितलेलं पान डॅशबोर्डच्या बाजूचं आहे का. मागणारा कोण, हे ते बघतच नाही. ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ फाइलकडे लॉगिन न केलेल्यानं विनंती पाठवली तरी उत्तर ‘हो’ येतं. कसलेल्या लेखकांच्या प्लगइन्समध्येही ही चूक सापडलीय, तेव्हा लाजू नकोस.

अधिकार तपासायला ‘करंट युजर कॅन’ वापर, विनंती तुझ्याच फॉर्मवरून आलीय हे बघायला नॉन्स (फॉर्मसोबत जाणारा तात्पुरता गुप्त संकेत). आणि कुठली सेटिंग बदलायची ते नाव विनंतीतून जसंच्या तसं घेऊ नकोस. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स’ या गोपनीयतेसाठीच्या प्लगइनमध्ये तेच झालं. बाहेरच्यांनी नोंदणी खुली केली, नव्या सदस्याची मूळ भूमिका ‘अ‍ॅडमिन’ ठरवली, आणि मग रीतसर फॉर्म भरून सदस्य झाले.