लस देणाऱ्यांचीच लस

या महिन्यातली पत्रं दवाखान्यात आणि गावात काम करणाऱ्यांचीच आहेत. लस टोचायला हात कचरत नाही, टोचून घ्यायची वेळ आली की मात्र पुढं ढकललं जातं, हा त्यांतला समान धागा.

प्रश्न : खासगी दवाखान्यात नर्स आहे. हिपॅटायटिस-बीचे (रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लशीचे) दोन डोस तीन वर्षांपूर्वी घेतले, तिसरा राहूनच गेला. सोबतच्या म्हणतात, आता पहिल्यापासून सुरू करावं लागणार. खरं का? (निपाणी)

उत्तर : नाही. राहिलेला तिसरा तेवढा घ्या, या आठवड्यातच. वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने असं आहे. उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. घाई केली तर मात्र जातात: दुसऱ्या आणि तिसऱ्यात किमान 8 आठवडे हवेत, पहिल्या आणि तिसऱ्यात 16. मोठ्या माणसाला 1 मिली, दंडाच्या स्नायूत. ओळखीतली सिस्टर 'कमरेत देते, दुखणार नाही' म्हणाली तर ऐकू नका. तिथं लस बऱ्याचदा चरबीत अडकते आणि प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) कमी तयार होतात.

तिसऱ्यानंतर 1 ते 2 महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीनं रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते मोजणारी तपासणी, करा. आकडा 10 किंवा वर आला की काम झालं, तो कागद जपून ठेवा. 10 च्या खाली आला तर तीन डोसांची दुसरी फेरी आणि पुन्हा टायटर. घोळ होतो तो टायटर चार-पाच वर्षांनी केल्यावर. तोवर आकडा आपोआप उतरलेला असतो, मग 'लस लागूच झाली नाही' अशी बातमी वॉर्डभर होते. तिन्ही डोस पूर्ण झालेल्यांनी अशा वेळी एक डोस घेऊन महिन्याभरानं पुन्हा तपासावं, बहुतेकांचा आकडा झटकन वर येतो. गरोदर असाल तरी ही लस चालते.

सुई टोचली की सगळ्यांना आधी एचआयव्ही आठवतो. त्याचा धोका हजारात साधारण 3. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस-बीच्या रुग्णाची सुई टोचली तर धोका शंभरात 6 ते 30. घाबरायचंच तर योग्य गोष्टीला घाबरावं! टोचलेली जागा पिळू नका, चोखू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पहिल्या 2 तासांत झाली तर उत्तम. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस-बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो 24 तासांत मिळायला हवं. ते तालुक्याच्या प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून कुठं मिळतं ते आजच विचारून ठेवा.

प्रश्न : आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल. आया, वॉर्डबॉय, झाडूवाले लस नको म्हणतात. 'नको' असं लिहून सही घेतली तर आमची जबाबदारी संपते का? (चिक्कोडी)

उत्तर : संपत नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार, असा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं हे संस्थेचं काम आहे. पिशवी उचलणारी आया त्यात पहिली येते, कारण चुकून पिशवीत गेलेली सुई तिच्याच हाताला लागते.

नकाराचं कारण विचारा, तेही एकेकट्याला. 'आधी रक्त तपासतील, कावीळ निघाली तर कामावरून काढतील' ही भीती फार खोल असते. लस घेण्याआधी तपासणी सक्तीची नाही आणि कुणालाही काढणार नाही, हे मालकानं स्वतः, मराठीत, सगळ्यांसमोर सांगावं. भिंतीवर डकवलेलं कन्नड परिपत्रक खानापूर-निपाणीकडच्या कितीजणी वाचतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. डोस साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी द्या, दंड दुखला तरी खाडा पडणार नाही. आणि पैसे पगारातून कापू नका; तिथंच अर्धी माणसं गळतात.

प्रश्न : मी आशा आहे. रामदुर्गचं झाल्यापासून बाया विचारतात, खरं सांगायचं तर मलाही धास्ती वाटते. काय सांगू? (खानापूर तालुका)

उत्तर : जानेवारी 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लशीनंतर तीन बाळं दगावली. ते लपवू नका ताई, बायांना माहीत आहेच. प्राथमिक चौकशीत बोट दाखवलं गेलं ते लस ठेवण्या-हाताळण्यातल्या हलगर्जीपणाकडं. त्यामुळं तुमची धास्ती चुकीची नाही, तिला कामाला लावा.

गोवर-रुबेलाची लस पूड असते, सोबत आलेल्या द्रावणातच कालवायची. तिच्यात जंतू मारणारं काही नसतं. कालवल्यानंतर 4 तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली फेकायची. उरलेली कुपी दुसऱ्या दिवशी वापरली तर तिच्यात वाढलेल्या जंतूंचं विष बाळाच्या अंगात जातं, आणि काही तासांत उलट्या, जुलाब, ताप सुरू होतो. पेंटाव्हॅलंटची (पाच रोगांवरच्या एकत्र लशीची) उघडलेली कुपी मात्र नीट थंड ठेवली तर 28 दिवस चालते. तिथं हा नियम लावून चांगली लस फेकू नका.

कुपीवरचं चिन्ह आईलाच दाखवा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर उष्णतेनं लस बिघडलेली नाही. पण गोठून बिघडली असेल तर ते हे चिन्ह सांगत नाही. पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) आणि हिपॅटायटिस-बी गोठली की निकामी होते. म्हणून आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट लशीच्या डब्यात भरायचे नाहीत, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच.

टोचल्यावर बाळाला अर्धा तास तिथंच बसवा. आणि कालवलेल्या कुपीवर वेळ लिहिलेली नसेल तर त्यातून टोचू देऊ नका, सिस्टर रागावल्या तरी.