इंग्रजीत एकाच माणसासाठी 'दे' वापरलं तर चूक धरतात का?

नाही, चूक नाही. बाई की पुरुष हे ठाऊक नसेल तर 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' असंच सर्रास बोललं-लिहिलं जातं. मराठीत आपण 'कुणीतरी आपली छत्री विसरलंय' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत 'हिज' की 'हर' हा पेच पडतो, तो 'देअर'ने सुटतो. आणि हे नवं फॅडही नाही. असा वापर चौदाव्या शतकापासून सापडतो, नाकं मुरडणारे व्याकरणकार कितीतरी नंतरचे. 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने, स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठीचा 'दे'चा अर्थही नोंदवला. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या लेखनशैली पुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीलाही एकवचनी 'दे' मान्य आहे. क्रियापद मात्र अनेकवचनीच ठेवा: 'दे आर', 'दे इज' नव्हे. (एकट्या माणसालाही आपण 'यू आर'च म्हणतो की!) फक्त शाळेच्या पेपरात जपून. तपासणारे जुन्या वळणाचे असतील तर मार्क कापतील. तिथे 'ही ऑर शी' लिहा, नाहीतर वाक्यच अनेकवचनात फिरवा: 'एव्हरी स्टुडंट'च्या जागी 'ऑल स्टुडंट्स' घेतलं की प्रश्नच मिटला.