बास्किंग शार्क नुसते तोंड उघडून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातात, मग समुद्रात त्यांचं काम काय? ते नसते तर काय बिघडलं असतं?

"काय बिघडलं असतं" हे मी तोंडावर ऐकलंय, तेही समोर आठेक मीटरचा मासा पोहत असताना. त्यामुळे उत्तर लांबणार.

काही उन्हाळे मी स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांजवळ सर्वेक्षणाच्या बोटीवर नोंदी घ्यायचं काम केलं. एकदा माझे मोठे दीर तिकडे आले आणि हट्टाने बोटीवर चढले. कोल बेटाच्या बाजूला पाणी सपाट होतं. आधी पाठीवरचा पर दिसला, बराच मागे शेपटीचं टोक, आणि पुढे नाकाचा शेंडा. भाऊजींना वाटलं तीन मासे आहेत. होता एकच. इंजिन न्यूट्रलला टाकलं तसा तो आपणहून बोटीच्या कडेने गेला. जबडा इतका उघडा, की आतली पांढरी पोकळी आणि कल्ल्यांच्या कमानी वरून स्पष्ट दिसत होत्या. थोड्या वेळाने तोंड मिटलं, गिळलं, परत उघडलं. व्हेल शार्क पाणी ओढून घेऊ शकतो, याला ते जमत नाही. पोहत राहिला तरच जेवण.

भाऊजी म्हणाले, "एवढं धूड, आणि नुसता आ वासून फिरतो. उपयोग काय याचा?"

सकाळी ओढलेल्या जाळीतली बरणी मी त्यांच्या हातात दिली. आत कोपेपॉड, म्हणजे याच्या खाण्यातले प्लवकजीव होते: तांदळाच्या कणीएवढे, पारदर्शक, लांब मिशांचे, अंगात तेलाचा थेंब. भिंगातून तो थेंब चकाकतो. या थेंबांवर ते धूड चालतं. भाऊजींनी बरणी पाहिली आणि विचारलं, "मग माशाच्या यकृतातही तेल असेल ना?"

असतं. यकृत वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत भरतं आणि त्यातल्या तेलामुळेच त्याला तरंगायला मदत होते. त्याच तेलापायी आयर्लंडच्या अकिल बेटावर १९४७ ते १९७५ या काळात १२,००० हून जास्त मासे मारले. कॅनडात नेमकं उलटं. व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्याला हा सामन माशांच्या जाळ्यांत अडकून ती फाडायचा, म्हणून उपद्रवी ठरला. १९५५ पासून सरकारी गस्ती बोटीच्या नाकाला धारदार पातं बसवून, पृष्ठभागावर आलेले मासे अक्षरशः कापले. आता तिथे एखादा दिसला तर बातमी होते. म्हणजे एकीकडे उपयोग आहे म्हणून मारला, दुसरीकडे नाही म्हणून. भाऊजींना हे तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस."

आता तुमचा प्रश्न. हे नसते तर प्लवकांनी समुद्र भरून गेला असता, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ज्ञान सोडून द्या. हेरिंग आणि मॅकरेलचे थवे जेवढं प्लवक फस्त करतात, त्यापुढे हा किस झाडाचा पाला! समुद्र चालू राहिला असता, कॅनडाच्या किनाऱ्याला चालू आहेच. याची जागा वेगळी आहे. दोन प्रकारचं पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक गोळा होतं, आणि हा ती रेषा धरून चालतो. हिवाळ्यात तळाशी झोपून राहत असेल असं १९५४ साली मांडलं गेलं होतं, माशांना माग काढणारे टॅग लावल्यावर ते निकालात निघालं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटाजवळ टॅग लावलेली एक मादी ९,००० किलोमीटरहून जास्त पोहून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत गेली, वाटेत १,२०० मीटरच्याही खाली उतरली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे काही तर विषुववृत्त ओलांडून ब्राझीलपर्यंत गेले. आ वासून फिरणं हा त्याच्या आयुष्याचा आपल्याला दिसणारा तुकडा आहे, बस.

आणि उपयोगावरच जागा ठरवायची तर निवृत्तीनंतर भाऊजी स्वतः दुपारभर आरामखुर्चीत आ वासून पडलेले असतात. त्यांना हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. तुमच्याही घरात असं विचारणारं कोणी असेल तर माशाची बाजू मांडत बसू नका, सरळ खुर्चीकडे बोट दाखवा.

हे सगळं नोंदी घेणाऱ्या बाईचं मत आहे, मी शास्त्रज्ञ नाही. आणखी एक राहिलं. निरुपद्रवी आहे म्हणून जवळ जाऊन हात लावायचा नाही. कातडी खरखरीत असते, शेपटीचा फटका जबर बसतो, आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, मुद्दाम त्रास देणं गुन्हा आहे.